सातव्या यूपीएसचा छडा

“माझ्या नजरेतून आजवर एकही गोष्ट सुटलेली नाही, मॅडम,” असं साहेब म्हणाले, तेव्हा त्यांचा चष्मा घरी राहिला होता आणि ते कोट अडकवायच्या स्टँडशी बोलत होते. संचालकबाई डावीकडे आपल्या खुर्चीत बसल्या होत्या. शेपूटने साहेबांना खांद्याला धरून हळूच वळवलं. साहेब वळले, पण बोलण्याचा ओघ त्यांनी तुटू दिला नाही.

“कान असे, की भिंतीपलीकडे कुणी मनात बोललं तरी ऐकू यावं. स्मरणशक्ती अशी, की... की... असो. आणि बुद्धी! बुद्धीबद्दल माणसाने स्वतः बोलू नये. पण इतकी वर्षं वाट पाहिली, दुसरं कुणी बोलेना, तेव्हा मलाच बोलावं लागतं.”

“ते सगळं ठीक आहे,” संचालकबाई म्हणाल्या. “यूपीएस कुठे आहे?”

साहेब प्राणिसंग्रहालयाच्या संगणक विभागाचे प्रमुख होते. विभागात माणसं दोन. एक साहेब आणि दुसरा शेपूट. दारावर ‘संगणक विभाग’ अशी पाटी होती आणि तिच्याखाली साहेबांनी स्वतःच्या हाताने ‘व गुप्त तपास’ असं रंगवलं होतं. गुप्त गोष्ट दारावर कशी रंगवतात, असं शेपूटने पहिल्या दिवशी विचारलं होतं. त्यानंतर त्याने विचारणं सोडून दिलं. लॅपटॉप घेऊन तो दिवसभर साहेबांच्या मागे मागे हिंडायचा, म्हणून माकडांकडच्या लोकांनी त्याला हे नाव ठेवलं. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. प्राणिसंग्रहालयात शेपूट हा तसा मानाचाच अवयव.

प्रकरण असं होतं. दुपारी वीजवाले खांबावरच्या तारा बदलणार होते आणि दोन तास वीज जाणार होती. जनरेटर दुरुस्तीला गेलेला. एरवी कुणाचं फारसं बिघडलं नसतं, पण पक्षिगृहाच्या मागच्या खोलीत इन्क्युबेटरमध्ये हंसाचं एक अंडं होतं. हंसिणीने ते तळ्याकाठी टाकून दिलं होतं आणि शेपूटच्या ताईने ते उचलून आणलं होतं. ताई पक्षिगृह सांभाळायची. गेली दोन वर्षं तिने अशीच अंडी उबवत आणली आणि दोन्ही वेळा ऐन वेळी वीज गेली. गरम पाण्याच्या पिशव्या लावून पाहिल्या, स्वतःच्या शालीत गुंडाळून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. या वेळीही पिल्लू निघालं नाही, तर ती खोली बंद करून तिथे आइस्क्रीमचा स्टॉल काढायचा, असं वरच्या लोकांनी ठरवूनच टाकलं होतं.

आणि आज सकाळीच पिल्लाने आतून कवचाला पहिली टोच मारली होती.

“मागच्या वर्षी त्या खोलीसाठी मोठा यूपीएस घेतला होता,” संचालकबाई म्हणाल्या. “वीज गेली तरी दोन तास इन्क्युबेटर चालवेल असा. तेव्हा खोलीला रंग देत होते, म्हणून कुणीतरी तो सुरक्षित जागी ठेवतो म्हणालं. कोण म्हणालं, ते मला आठवत नाही.”

“ज्याने ठेवला त्याला आठवत असेल,” शेपूट म्हणाला.

“तोच तर लपून बसलाय!” साहेब म्हणाले, आणि ताडताड पावलं टाकत कपाटात शिरले. दार त्याच्या शेजारी होतं.

*

विभागात परत आल्यावर शेपूट आपल्या टेबलाशी भिंतीकडे तोंड करून बसला. साहेब त्याच्या पाठीमागे, आपल्या भव्य टेबलापलीकडे विसावले. या टेबलाला पुढून जमिनीपर्यंत लाकडी फळी होती. गुप्तहेराचे पाय समोरच्याला दिसता कामा नयेत, पायांवरून मन कळतं, असं साहेबांचं शास्त्र होतं. त्यांनी टेबलावरचा छोटा पंखा लावला, पाय लांब केले आणि डोळे मिटले.

“शेपूट, काळी खिडकी उघड.”

काळी खिडकी म्हणजे संगणकाचा तो पडदा, ज्यात चित्रं नसतात, बटणं नसतात, नुसती आज्ञा टाइप करायची आणि उत्तराची वाट पाहायची. शेपूटने एक छोटीशी कमांड टाकली. ती अख्ख्या प्राणिसंग्रहालयाच्या वायरींमधून फिरून आली आणि दारोदार विचारून आली, की इथे कुणी यूपीएस राहतो का.

“सात मिळाले,” शेपूट म्हणाला. “तिकीटघर, मत्स्यालय, सर्पालय, कॅमेरे, दवाखान्याचा फ्रिज आणि मॅडमची खोली. हे सहा आपले नेहमीचेच. म्हातारे आहेत, वीज गेली की दहा सेकंद कण्हतात आणि झोपतात. सातवा नवीन आहे. बॅटरी शंभर टक्के. लोड तीन टक्के, म्हणजे त्याच्यावर काहीतरी बारीकसं चालू आहे. आवाज बंद करून ठेवलाय. ठिकाण...”

“हां, ठिकाण?”

“ठिकाण या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही.”

“अट्टल आहे,” साहेब म्हणाले. “अट्टल गुन्हेगार स्वतःचा पत्ता कधीच लिहीत नाही. हे माझं निरीक्षण आहे.”

तेवढ्यात ताई आली. हातात मोजे, केसांत गवताची काडी, चेहरा ओढलेला. ती रात्रभर झोपली नव्हती, हे शेपूटला लगेच कळलं.

“सापडला का रे?”

“सापडलाय गं ताई. म्हणजे, बोलतोय आपल्याशी. बॅटरी किती, लोड किती, सगळं सांगतोय. फक्त कुठे आहे ते सांगत नाही.”

“मग त्याला ओरडायला लाव ना! ओरडला की आम्ही ऐकतो आणि जाऊन आणतो.”

विचार इतका सरळ होता, की साहेबांना तो संशयास्पद वाटला. तरी शेपूटने ओरडायची कमांड दिली आणि ताई-भाऊ दोघे जाऊन सगळ्या आवारात कान देऊन उभे राहिले. मोर ओरडले. माकडं ओरडली. तिकीटघरासमोर एका मुलाला फुगा हवा होता, तोही ओरडला. यूपीएस मात्र गप्प. आवाज बंद करणाऱ्याने वर पासवर्डही घालून ठेवला होता.

“पक्का माणूस आहे,” साहेबांनी मनापासून दाद दिली. “थेट माझ्या तोडीचा.”

“साहेब, वायरींच्या कपाटात जाऊन एकेक वायर काढून बघू या का?” शेपूट म्हणाला. “जी काढल्यावर सातवा गायब होईल, तिचा माग काढायचा.”

“कॅमेरे बंद पडतील. गुन्हेगार सावध होईल. शिवाय त्या वायरी मी एकत्र बांधल्या आहेत.”

ते खरं होतं. साहेबांनी दोनेकशे करड्या वायरींची एकच जाडजूड वेणी घातली होती, कारण सुट्या वायरी त्यांना बघवत नसत. त्या वेणीतून एक वायर शोधेपर्यंत पिल्लाला पिसं फुटून ते उडून गेलं असतं.

ताईने भावाकडे पाहिलं. “मी पाणी तापवायला ठेवते,” ती म्हणाली आणि निघून गेली. मागच्या दोन्ही वर्षी तिने हेच केलं होतं.

*

“संशयितांना चहाला बोलाव,” साहेब म्हणाले. “चहा पिताना माणूस खोटं बोलत नाही. त्याची जीभ भाजलेली असते.”

पहिले आले मत्स्यालयाचे काका. साहेबांनी टेबलावरच्या विजेच्या किटलीत पाणी भरलं, बटण दाबलं आणि शेपूटला कँटीनमधून दूध आणायला पिटाळलं. तो दूध घेऊन परत आला, तेव्हा काका कपाळाला आठ्या घालून बसले होते.

“कालच्या रात्री तुम्ही कुठे होतात?”

“घरी.”

“कुणी साक्षीदार?”

“सासू.”

“ती तुमच्या बाजूने बोलेल?”

“तशी ती कधीच बोलत नाही.”

“हं,” साहेब म्हणाले. “खरं बोलतोय हा माणूस. पण यूपीएस मागच्या वर्षी गेला, मग मी कालच्या रात्रीचं का विचारलं?”

“तेच मला कळत नव्हतं,” काका म्हणाले.

शेपूटने पडद्याकडे पाहिलं. काळ्या खिडकीत सातव्याची खबर थोड्या थोड्या वेळाने एकेक ओळ करून उमटत होती. “साहेब! मी दूध आणायला गेलो, तेव्हा लोड तीनवरून एकसष्टवर गेला होता. आता परत तीनवर आलाय.”

“काय सांगतोस! म्हणजे चोराने त्यावर काहीतरी दणकट यंत्र चालवलं, आणि त्या वेळी काका तर इथे माझ्यासमोर होते. काका, तुम्ही निर्दोष आहात. चहा घ्या.”

“मला दूध चालत नाही,” काका म्हणाले, आणि निर्दोष म्हणून निघून गेले.

मग सापांचा माणूस आला. सापांना ऊब लागते, उबेला वीज लागते, त्यामुळे साहेबांचा त्याच्यावर दाट संशय होता. किटली लागली. शेपूट दुधाला गेला. परत येऊन पाहतो, तर लोड पुन्हा एकसष्टवर जाऊन खाली आलेला. सापांचा माणूसही सुटला. तिकीटबाई आली. किटली, दूध, एकसष्ट. ती तर साहेबांवर चिडलीच. “खिडकीवर रांग लागलीय आणि तुम्ही मला चहा पाजताय!” असं म्हणत तिने कप उचलून सोबत नेला.

दुपार होत आली. किटली तापून तापून लाल व्हायची बाकी राहिली होती, आणि प्राणिसंग्रहालयातला प्रत्येक माणूस निर्दोष ठरला होता. दरम्यान साहेबांनी आणखी तीन सिद्धान्त मांडले. एक, यूपीएस माकडांनी पळवला असून ती त्यावर काहीतरी शिकत आहेत. दोन, दुसऱ्या एखाद्या प्राणिसंग्रहालयाने आपला हेर इथे पेरला आहे, बहुधा पाणघोड्याच्या रूपात, कारण तो काहीच करत नाही. तीन, यूपीएस मुळात नाहीच आणि काळी खिडकी धादांत खोटं बोलते आहे.

शेपूट मात्र त्या ओळींकडे टक लावून पाहत होता. “साहेब, मला एक वाटतंय. हा लोड बरोबर आपल्या चहाच्या वेळेलाच वाढतो.”

साहेबांनी कप खाली ठेवला. पंखा फिरत होता.

“अगदी बरोबर,” साहेब हळूच म्हणाले. “माझंही तेच मत होतं, तुझ्या तोंडून काढून घ्यायचं होतं. म्हणजे चोराला आपल्या चहाच्या वेळा माहीत आहेत. म्हणजे चोर आतला आहे. या विभागातलाच. या विभागात माणसं किती?”

“दोन.”

“त्यातला एक मी. मी दर वेळी या खुर्चीत होतो, माझा मीच साक्षीदार आहे. आणि लोड वाढायचा, तेव्हा दर वेळी खोलीबाहेर कोण असायचं?”

शेपूटने टेबलावरच्या दुधाकडे पाहिलं.

“दूध आणायला म्हणून!” साहेब उठून उभे राहिले. आवाजात दुःख होतं, आणि छडा लागल्याचा आनंद त्या दुःखात मावत नव्हता. “शेपूट, तू? सख्ख्या बहिणीचा यूपीएस?”

“साहेब, ते अंडं माझ्या ताईचं आहे! ती रात्रभर झोपली नाहीये! मी कशाला...” शेपूटचा आवाज चिरकला. “दुधाला तुम्हीच पाठवता!”

“आणि तू जातोस. हीच तर गोम आहे.”

शेपूट मटकन खुर्चीत बसला. नोकरी गेली तर गेली, हे त्याच्या मनात येऊन गेलं. पण ताई त्या खोलीत गरम पाण्याच्या पिशव्या भरत एकटी बसली आहे आणि घड्याळ कुणासाठी थांबत नाही, हे त्याच्याने सहन होईना. त्याला रडू फुटणार, तेवढ्यात दार ढकलून साहेबांची बायको आत आली.

“अहो, चष्मा! फ्रिजमध्ये सापडला, लोण्याशेजारी. सगळी चढण चढून आले, पायांचे तुकडे पडलेत माझ्या. सरका जरा.”

“थांब, इथे एक गंभीर...”

“तुमचं गंभीर तुम्ही उभ्याने करा.” वहिनींनी साहेबांना बाजूला सारून त्यांच्या खुर्चीत बसकण मारली, चपला काढल्या आणि टेबलाखाली पाय लांब केले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. “अगबाई! किती छान कोमट आहे हो. म्हणून तुमचे पाय दुखत नाहीत होय! तुम्ही स्टुलासाठी खोळ शिवून मागितलीत, ती हीच ना? निळ्या फुलांची?”

“हो, हो, तीच. आता जरा...”

वहिनी वाकून टेबलाखाली पाहू लागल्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “पण स्टुलाला वायरी कशाला?”

साहेबांनी चष्मा लावला. शेपूट गुडघ्यांवर रांगत टेबलाखाली शिरला. निळ्या फुलांची खोळ त्याने वर केली. आत काळं, जाड, नवंकोरं खोकं होतं. एक हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता. मागून एक करडी वायर भिंतीत गेली होती, आणि दुसरी वर टेबलावरच्या बोर्डात. त्या बोर्डावर पंखा होता. आणि किटली.

मग शेपूट टेबलाखालून म्हणाला, “तीन टक्के पंखा. बाकीची किटली.”

“आता सगळं उघड करायला हरकत नाही,” साहेब म्हणाले. “तो सुरक्षित जागी ठेवतो असं म्हणणारा माणूस मीच. बॅटरी पडून खराब होऊ नये म्हणून जोडून ठेवला. आवाज करायचा म्हणून तोंड बंद केलं. आणि चोराच्या हाती लागू नये म्हणून वर्षभर त्याच्यावर रोज पाय ठेवून बसलो. इतका कडक पहारा कुणी दिलाय?”

“मग विसरलात कसे?” वहिनींनी विचारलं.

“गुप्त होतं ना,” साहेब म्हणाले.

*

शेपूटने ते धूड छातीशी कवटाळलं आणि धूम ठोकली. मागून वहिनी खोळ खांद्यावर टाकून, वायर सांभाळत अनवाणी धावत होत्या. सगळ्यांत पुढे साहेब, “बाजूला व्हा! तपास चालू आहे!” असं ओरडत चालले होते, त्यामुळे लोक आधी थांबून बघायचे आणि मग वाटेत यायचे.

ताई इन्क्युबेटरसमोर स्टुलावर बसली होती. खऱ्या स्टुलावर. मांडीवर शाल, शेजारी पिशव्या मांडलेल्या. भावाच्या हातातलं खोकं पाहून ती ताडकन उठली.

“कुठे होतं रे?”

“नंतर सांगतो. तुझा विश्वास बसणार नाही, आणि बसला तर राग येईल.”

त्याने यूपीएस इन्क्युबेटरशेजारी ठेवला, वायर खोचली, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. आणि जवळजवळ त्याच क्षणी खोलीतला दिवा गेला. बाहेर मत्स्यालयाचे पंप बंद पडल्याचा आवाज आला. एकामागून एक सगळं आवार गप्प झालं. एकट्या इन्क्युबेटरचा पिवळा प्रकाश मात्र तस्सा राहिला. तापमानाचा आकडा हलला नाही.

ताईने तोंडावर हात ठेवला. रडू येत होतं, पण ती आवाज होऊ देत नव्हती.

आणि त्या शांततेत, पंखा नाही, पंप नाही, यूपीएसची पीं-पीं नाही, अशा त्या खोलीत अंड्यातून एक अगदी बारीक, चिडका आवाज आला. मग कवचाचा एक तुकडा पडला. मग बराच वेळ काहीच नाही, आणि ताईचा हात भावाच्या मनगटात रुतत गेला. मग दुसरा तुकडा. वीज परत यायच्या आत एक ओलं, वेडंविद्रं पिल्लू अर्धं बाहेर पडून मान टेकवून दमलेलं होतं, आणि ताई हसत होती आणि रडत होती आणि “आलास बाई, आलास,” असं काहीतरी म्हणत होती.

“म्हणूनच मी आवाज बंद करून ठेवला होता,” साहेब कुजबुजले. “त्याचा आवाज ऐकू यावा म्हणून.”

ही थाप होती. पण त्या क्षणी ती कुणालाच खोडून काढावीशी वाटली नाही. वहिनींनी खांद्यावरची निळ्या फुलांची खोळ काढली आणि ताईच्या हातात दिली. “पिल्लू वाळलं की खाली घाल हो. मऊ आहे.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब चष्मा लावून आले. खुर्चीत बसले, पंखा लावला, पाय लांब केले. टाचा फरशीवर आपटल्या.

“शेपूट!” ते ओरडले. “माझं स्टूल चोरीला गेलं!”

“चोरीला नाही गेलं, साहेब. काळ्या खिडकीत आहे. मी काल ठिकाण लिहून ठेवलंय.”

“अस्सं! काय लिहिलंस?”

“ताईला विचारूनच लिहिलं. तुम्हीच बघा.”

साहेब उठून शेपूटच्या टेबलाशी आले आणि पडद्यावर वाकले. कमांड आवारभर फिरून आली होती. सहा जुने आपापल्या जागी होते. सातवा. बॅटरी शंभर टक्के. लोड चार टक्के. आणि वर्षभर रिकाम्या राहिलेल्या ठिकाणाच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘बाळाच्या उशाशी.’

साहेबांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला आणि आणखी एकदा वाचलं. त्यांनी त्यावरून कुठलाही निष्कर्ष काढला नाही. शेपूट त्यांच्याकडे इतकी वर्षं होता, पण असं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

“दूध आणू का, साहेब?” त्याने विचारलं.

“नंतर,” साहेब म्हणाले. “आधी चल, जरा जाऊन बघून येऊ त्याला.”

आणि ते निघाले. या वेळी दार त्यांना पहिल्या प्रयत्नात सापडलं.